काना गावचा धवला

दापोड्यात लग्न ठरलं की आधी हॉल बघतात, मग डीजे, मग केटरर. सगळं ठरून झालं की घरातलं कोणीतरी म्हातारं माणूस विचारतं, "बायजाबाईला सांगितला का?" म्हणजे चार वर्षांपूर्वीपर्यंत विचारायचं. बायजाबाई ही धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजी यायच्या आधी मांडवात धवलारीण बसते, तांदळाच्या पिठाचा चौक काढते आणि धवले गाऊन गावदेवीला, पितरांना, उंबराच्या डहाळीला, सगळ्यांना लग्नाला बोलावते. तिनं हाक घातल्याशिवाय देवसुद्धा मांडवात पाऊल टाकत नाहीत अशी समजूत. बायजाबाईला एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण तीनशेच्या वर धवले तोंडपाठ. कोणाच्या लग्नात कोणता गायला, त्या दिवशी कोण रुसून कोपऱ्यात बसलं होतं, कोणाच्या हळदीत पाऊस पडला, सगळं डोक्यात जागच्या जागी. लोक म्हणायचे, सातबाऱ्यावर चूक निघेल, बायजाबाईत निघणार नाही.

ही गोष्ट मात्र बायजाबाईच्या सुनेची आहे. गोदूची. आणि ती कोणी सांगितलेली गोदूला मुळीच आवडणार नाही.

गोदूचा नवरा लडकू गोडाऊनमध्ये फोर्कलिफ्ट चालवायचा आणि सुटल्यावर प्यायचा. एक मुलगी, हेमाली. हेमाली पंधरा वर्षांची असताना गोदूला टीबी झाला आणि ती दोन महिने सरकारी दवाखान्यात पडली. शेजारच्या खाटेवर नगरकडची एक ख्रिस्ती बाई होती. ती रोज संध्याकाळी निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक उघडून येशूच्या गोष्टी मोठ्यानं वाचायची. गोदूला आधी वैताग यायचा, मग सवय झाली, मग ती संध्याकाळची वाट बघायला लागली. ती बाई दवाखान्यातच वारली आणि गोदू बरी होऊन घरी आली. त्या बाईचं पुस्तक गोदूच्या पिशवीत होतं. गोदू सातवी शिकलेली. दुपारी सासू तांदूळ निवडायला बसली की गोदू तिच्यासमोर बसून वाचायची.

बायजाबाईनं पहिले चार दिवस नुसतं ऐकलं. पाचव्या दिवशी काना गावच्या लग्नाची गोष्ट निघाली आणि तिचा हात सुपात थांबला.

"लगीन कोनाचा व्हता?"

"ता न्हाय लिवलेला, आई."

"नवरीचा नाव?"

"न्हाय."

"नवरीचा नाव न्हाय? न पाव्हन्यांचा हाय?" बायजाबाईला हे काही केल्या पटेना. "कसली मानसा ही. लग्नान कोन कोन जेवला त्या लिवतील, न जिच्या अंगाला हलद लागली तिचा नाव न्हाय. बरा, धवला कोनी बोलला?"

गोदूनं पुढे वाचलं. द्राक्षारस, म्हणजे दारूच, संपला, येशूची आई पोराजवळ गेली, रांजणात पाणी भरलं आणि पाण्याचा रस झाला. सासूनं सुपातला एक खडा वेचून फेकला आणि म्हणाली, "लडकूला या सांगू नको. तो रांजन घेवून बसंल." आणि दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदू उठली तेव्हा चुलीपाशी सासू गुणगुणत होती. चाल जुनीच, मांडव घालायची.

काना गावाला मांडव घातिला, मांडव घातिला गो बाय,
आईचे संगती येशू देव आयला, पाव्हना आयला गो बाय.

गोदू तिथेच उभी राहिली. ती गोष्ट तिनं दवाखान्यात चार वेळा ऐकली होती, स्वतः दोनदा वाचली होती. पण येशू आपल्या दारातून वाकून आत येतोय, पायातली चप्पल मांडवाबाहेर काढतोय, असं तिला आजवर कधी वाटलं नव्हतं. बायजाबाईच्या धवल्यात येशूची आई तांदळाचं पीठ दळत होती, येशू खाडीवरून खांद्यावर रांजण आणत होता आणि उंबराची डहाळी त्याला बघून वाकत होती. पुस्तकात यातलं निम्मं नव्हतं. पण गोदूला विचाराल तर तिनं देव पाहिला तो त्या चुलीपाशी.

महिनाभरात बायजाबाईनं नऊ-दहा धवले रचले. आंधळ्याचा, वादळाचा, हरवलेल्या मेंढराचा, मेलेल्या मुलीला हात धरून उठवल्याचा. गुरुवारी दुपारी शेजारच्या बायका ऐकायला यायला लागल्या, मग त्यांच्या जावा, मग आतल्या गावांतून रिक्षा करून बायका. धोंडूबाई, बायजाबाईची तीस वर्षांची जोडीदारीण, मागचं चरण उचलायला बसायची. तिनं आपले देव सोडले नव्हते, पण धवला म्हटला की तिला राहवत नसे. कोणी आजारी असेल तर बायजाबाई डोक्यावर हात ठेवून येशूला हाक मारायची, जशी मांडवात देवाला मारतात तशी, हक्कानं. कोणाला बरं वाटलं, कोणाला नाही. लडकूनं दारू सोडली. एका रात्रीत नाही, आठ महिने लागले, मधे चारदा नाल्यात पडला. पण सोडली. याला धर्म म्हणायचं की काय म्हणायचं हे कोणी ठरवलंच नाही. गुरुवार म्हणायचे. "गुरुवारला जातंय."

असं बिननावाचं चाललं होतं तोवर बरं चाललं होतं. पण बिननावाची गोष्ट लोकांच्या डोळ्यांत खुपते. गावातल्या काही पोरांनी लडकूला गोडाऊनच्या गेटवर अडवलं, घरात काय धंदे चालतात विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी पोलिसांत अर्ज गेला. लडकूला चौकीत बोलावलं. साहेब तसे शांत होते. त्यांनी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला, "कोणत्या चर्चचे तुम्ही?" लडकू म्हणाला, कोणत्याच नाही. "मग कागद काय आहे तुमच्याकडे?" कागद नव्हता. आई गाते, एवढंच सांगता येत होतं, आणि ते पोलिसांना सांगायला लडकूलाही लाज वाटली.

तेव्हा कोणीतरी पास्टर कुमारांना फोन केला. कुमार ठाण्याहून मोटरसायकलवर आले, काखेत फाईल. त्यांची नोंदणी झालेली मंडळी, म्हणजे चर्च, होती, कशेळीत एका गोडाऊनच्या वरच्या मजल्यावर भरायची. ते चार तास चौकीच्या बाकावर बसले. बाहेर पोरं घोषणा देत होती, त्यांच्या मोटरसायकलचा आरसा फोडला, तरी उठले नाहीत. साहेबांना एकेक कागद दाखवला आणि सांगितलं, हे कुटुंब आमच्या मंडळीचं आहे. लडकू घरी आला. हे विसरता येत नाही. पुढे जे झालं त्याचा राग कितीही येवो, त्या दिवशी तो माणूस तिथे बसला होता आणि दुसरं कोणी बसलं नव्हतं.

मंडळीचं झालो म्हटल्यावर मंडळीचं व्हावं लागलं. रविवारी दहा वाजता कशेळीला. पांढरे कपडे. वर पत्रे, खाली प्लास्टिकच्या खुर्च्या, एक कीबोर्ड, आणि गाणी हिंदीत, कारण लूमवर काम करणारी यूपी-ओडिशाची माणसंही यायची. मंडळीचे वडीलधारी केसरीनाथ. गोडाऊन त्यांचंच, जात आगरीच, सगळ्यात आधी येशूच्या विश्वासात आलेले आणि त्याचा विसर कोणाला पडू न देणारे. गुरुवार बंद झाला, म्हणजे कशेळीच्या "हॉलमध्ये हलवला". धोंडूबाई हॉलमध्ये कशाला येते? ती सुटली. रिक्षा करून येणाऱ्या बायका सुटल्या. डोक्यावर हात ठेवायचा तो फक्त पास्टरांनी. बायजाबाई येशूच्या आईला मरीआई म्हणते हे ऐकून कुमारांनी कपाळावर हात मारला होता, आणि उंबराची डहाळी ऐकून तर ते खुर्चीतून उठलेच.

"आजी, उंबर हे देवाचं झाड मानतात. ते आपल्यात चालत नाही."

"झार त येशू देवानाच बनवला ना?" बायजाबाईनं विचारलं.

कुमारांनी प्रार्थना सुरू केली.

मग बाप्तिस्मा ठरला. त्याआधी प्रत्येकानं एक फॉर्म भरायचा. पुढेमागे कोणी म्हणू नये की जबरदस्ती केली, म्हणून. तो घरीच भरला. दुपारची वेळ, कुमार बाहेर खाटेवर चहा पीत होते. गोदू सासूला फॉर्म वाचून दाखवत होती. मी स्वखुशीनं विश्वास ठेवते. मला कोणी आमिष दाखवलेलं नाही. मी मूर्तिपूजा सोडते. प्रत्येक ओळीला बायजाबाई मान हलवत होती. पाचवी ओळ होती: धवलारीण म्हणून केलेलं काम मी पाप समजून सोडते आणि यापुढे कोणत्याही प्रसंगी धवला गाणार नाही. ती कुमारांनी पेनानं लिहिली होती, खास बायजाबाईसाठी.

गोदूनं ती ओळ वाचली नाही. सरळ सहावी वाचली आणि शाईचा पॅड पुढे केला.

का, ते तिला पुरतं माहीत होतं. वाचली असती तर सासूनं अंगठा दिला नसता. सासू आली नाही तर लडकू येणार नाही, लडकू आला नाही तर पुन्हा कागद नाही, पुन्हा चौकी, आणि कोण जाणे पुन्हा दारू. नंतर समजावून सांगू, असं तिनं मनाशी म्हटलं. माणूस स्वतःला नंतर म्हणतं तेव्हा कधीच नाही म्हणत असतं, पण हे आतून कळत नाही.

तीन वर्षं गेली. बायजाबाई दर रविवारी हॉलमध्ये बसायची. हिंदी गाणी तिला कळत नसत. घरी कधी हळू आवाजात गुणगुणायची, ते भिंतीबाहेर जात नसे. आणि मग हेमालीचं लग्न ठरलं, तेही केसरीनाथांच्या मुलाशी, भावेशशी. हेमाली गोडाऊनमध्ये बिलिंगला होती, भावेश तिथे सुपरवायझर. दोघांचं आधीच जुळलं होतं. एवढ्या मोठ्या घरात पोर पडते म्हणून गोदूला रात्री झोप येईना. मुलगी सुखात होती. एवढंच गोदूला हवं होतं, आणि तेच आता तिच्या जिभेवर टांगलेलं होतं. कारण साखरपुड्याच्या दिवशी सासू तिच्या कानाशी लागून म्हणाली होती, "हेमालीसाठी नवा केलाय. काना गावचाच, पन या वख्ताला नवरीला नाव हाय."

"काय नाव?"

"हेमाली."

त्याच वेळी सांगायला हवं होतं. गोदूनं सांगितलं नाही. दोन महिने होते हातात, रोज सकाळ होती, रोज संध्याकाळ होती. ती सासूला चहा देताना ठरवायची आणि कप उचलताना विसरल्यासारखं करायची.

लग्न हॉलमध्ये, सकाळी अकराला. हळद आदल्या दिवशी दुपारी, घरी. हळदीला कुमारांनी परवानगी दिली होती, हळद औषधी असते म्हणून. मांडवाला दिली होती, ऊन लागतं म्हणून. डहाळीला नाही. तीन वर्षं ज्या बायकांनी या घराचा उंबरा ओलांडला नव्हता त्या बायजाबाईच्या नातीची हळद म्हटल्यावर आल्या. आधी रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या, मग मांडवाच्या कडेला, मग कोणीतरी सतरंजी ओढली. चाळीसएक असतील. धोंडूबाई सगळ्यांत पुढे येऊन बसली, गुडघे चोळत म्हणाली, "बोल गो बायजा. कवरी वाट बघाची?"

आणि बायजाबाईनं सुरू केलं.

तीन वर्षं दाबून धरलेला तो गळा. पहिल्याच चरणाला मांडवातली कुजबुज बंद पडली. काना गावाला मांडव घातला, येशू देव पाव्हना आला, आणि नवरी हेमाली पाटावर बसली. हेमालीच्या तोंडावर हळद होती, त्या हळदीतून डोळ्यांचं पाणी खाली उतरत होतं. धोंडूबाई मागचं चरण असं उचलत होती की जणू मधली वर्षं गेलीच नव्हती. गावदेवीला मानणाऱ्या चाळीस बायका येशूचं नाव तोंडानं घेत होत्या, त्याच्या आईच्या काळजीनं हळहळत होत्या, रांजण भरला तेव्हा एकीनं खरंच "भरला गो बाय" म्हटलं. गोदू दारात उभी राहून ऐकत होती. सगळी भीती विसरून, अगदी त्या चुलीपाशी उभी होती तशी. ज्याला कुमार दर रविवारी साक्ष म्हणायचे ती हीच, असं तिला वाटलं. याहून मोठी साक्ष कशेळीच्या त्या हॉलमध्ये आजवर कोणी दिली नव्हती.

तेवढ्यात गाड्या थांबल्या. नवऱ्याकडची हळद घेऊन केसरीनाथ आले होते. सोबत त्यांची लेक मृणाली, आणि हळदीवर प्रार्थना करायला पास्टर कुमार.

केसरीनाथ मांडवाच्या तोंडाशीच थांबले. मृणालीच्या हातातलं ताट त्यांनी मागे ओढलं. "या काय चाललाय?" ते लडकूला म्हणाले. लडकू खाली बघायला लागला. "माज्या घरान सून आनाची ती असल्या घरातना? उद्या मंडळी मना काय बोलल?"

धवला थांबला. कुमार पुढे आले. ते ओरडले नाहीत, ओरडणारा माणूस नव्हताच तो. बायजाबाईसमोर उकिडवे बसले आणि समजुतीच्या आवाजात म्हणाले, "आजी, तुम्ही प्रभूला वचन दिलंय ना, हे पुन्हा गाणार नाही म्हणून?"

"मी? कवा?"

"फॉर्मवर लिहिलेलं आहे, आजी. खाली तुमचा अंगठा आहे."

"मी असला काय बोलली न्हाय," बायजाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. जे घडलं नाही ते घडलं नाही, एवढंच. "मूर्ती सोरली, ती सोरली. गाना सोरते असा मी कवाच बोलली न्हाय."

कुमारांनी मान वर करून गोदूकडे बघितलं. "ताई, तुम्हीच वाचून दाखवला होता ना फॉर्म? मी बाहेर होतो. सगळा वाचला होता ना?"

चाळीस बायकांनी गोदूकडे बघितलं. लडकूनं बघितलं. हळद माखलेल्या हेमालीनं बघितलं. केसरीनाथांनी ताट अजून मागेच धरलं होतं. नाही म्हटलं तर फॉर्म खोटा, बाप्तिस्मा खोटा, हे घर खोटं, आणि उद्या अकराला हॉलमध्ये कोणी येणार नाही. हो म्हटलं तर म्हातारीचं फक्त एक गाणं जाईल.

"हो," गोदू म्हणाली. "सगला वाचला व्हता. आई इसरल्या असतील."

धोंडूबाई मोठ्यानं हसली. "बायजा? न इसरली?" मग तिनं जोडीदारणीच्या तोंडाकडे बघितलं आणि तिचं हसू तिथेच विरलं.

बायजाबाई सुनेकडे बघत होती. फार वेळ नाही. मग ती कुमारांकडे वळली आणि हात जोडून म्हणाली, "असल, बाबा. म्हातारी झाली. इसरली असन."

"प्रभू क्षमा करतो, आजी," कुमार म्हणाले, आणि खरोखर प्रेमानं त्यांनी तिचे हात हातात घेतले.

धोंडूबाई उठली. तिच्यामागे एकेक बाई उठली. जाताना एक बाई बायजाबाईपाशी वाकून म्हणाली, "आमच्यान व्हतीस तवा गात तरी व्हतीस." मांडव रिकामा झाल्यावर केसरीनाथांनी ताट पुढे केलं, कुमारांनी प्रार्थना केली आणि नवऱ्याची हळद नवरीला लागली.

लग्न झालं. हॉल फुलला होता, केक कापला, दाखल्यावर सह्या झाल्या, शिक्का बसला. हेमाली कशेळीत सुखात आहे, त्यात काही खोट काढता येणार नाही. कुमारांनी गोदूला भगिनी मंडळाची प्रमुख केलं, कठीण प्रसंगी सत्याला धरून राहिली म्हणून. हे त्यांनी माइकवर सांगितलं. बायजाबाईचंही नाव घेतलं, एवढ्या वयात आज्ञाधारकपणा शिकायचा तर आजींकडून शिका. गोदू मान खाली घालून बसली होती. लोकांना ती नम्रता वाटली.

बायजाबाई दर रविवारी येत राहिली. एकही चुकवला नाही. घरात मात्र तिचं गुणगुणणं थांबलं. हेमाली माहेरी आली की म्हणायची, आजी, माझा धवला बोल ना, फोनवर घेऊन ठेवते. आजी म्हणायची, "आठवत न्हाय." लडकूला काळजी वाटली, त्यानं तिला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी वार विचारला, तारीख विचारली, सकाळी काय खाल्लं विचारलं. तिनं सगळं बरोबर सांगितलं, वर डॉक्टरांच्या आईच्या लग्नाला कोण धवलारीण होती तेही सांगितलं. डॉक्टर हसून म्हणाले, म्हातारपणी मी विसराळू झालोच तर यांच्याइतकाच होऊ दे.

एका दुपारी आतल्या गावातली एक बाई दारात आली. कडेवर चार वर्षांचं पोर, मान टाकलेलं. तिच्या गावात कोणीतरी सांगितलं होतं की दापोड्याला एक म्हातारी आहे, ती लग्नाला आलेल्या देवाचं गाणं म्हणते, ते ऐकलं की बरं वाटतं. पोराला दवाखाना चालू आहे, ती म्हणाली, फक्त ऐकायचं आहे. गोदूनं तिला पडवीत बसवलं, पाणी दिलं आणि आत गेली.

सासू भिंतीला टेकून बसली होती. गोदू तिच्यासमोर बसली. भगिनी मंडळात ती दर शुक्रवारी पापकबुलीवर बोलायची, अर्धा अर्धा तास. आता तिला एक वाक्य जमवता जमेना.

"आई, त्या कागदावरची एक ओल मी वाचली नवती."

"म्हायती हाय."

"कवापासना?"

"तवापासनाच. तुजा बोट एके ठिकानी अटकला, न मंग खाली उतारला. मना वाचता येत न्हाय, बोट त बघता येतो."

गोदूला तोंड वर करवेना. "मंग अंगठा कनाला दिलात?"

"सून हाय, लपवलन त कारन असल. आज ना उद्या सांगल. मी वाट बघत व्हती," बायजाबाई म्हणाली. "मांडवान पन बघितली."

गोदूनं सासूच्या पायांवर डोकं ठेवलं. रडणं तिला आवरेना. रडतच ती म्हणाली, "आई, मना माफ करा."

"माफ त तवाच केला. न्हायतर चाळीस बायकांपुढं इसरली बोलली असती का मी?"

"मंग गा ना, आई. पास्टर काय बोलाचा त्या बोलूदे. मी सांगन सगल्यांना, रविवारी उभी ऱ्हाऊन सांगन. भायेर ती बाई पोराला घेवून बसलीय. फकस्त एक चरन बोला."

बायजाबाईनं सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. तिनं खरंच प्रयत्न केला. डोळे मिटले, घसा साफ केला, ओठ हलले. मग पुन्हा उघडलेल्या डोळ्यांत गोदूनं आजवर न पाहिलेलं काहीतरी होतं, आणि ती भीती होती.

"येत न्हाय, गोदू. तुना खोटा वाटतो, पन येत न्हाय. सबूद हायेत सगले. पन पयले मी गाया लागली का तो दिसाचा. मांडवान येताना दिसाचा. आता त्याला हाक माराला गेली का दारान तू उभी दिसतंस."

बाहेर पोर किरकिरलं तेव्हा गोदू उठली, तोंड धुतलं, पुस्तक घेतलं आणि पडवीत आली. काना गावची गोष्ट काढून तिनं वाचायला सुरुवात केली. नीट, सावकाश, एकही ओळ न गाळता वाचली. बाईनं आदबीनं ऐकलं, पोराला थोपटत. संपल्यावर ती जरा घुटमळली.

"ताई, चांगला हाय," ती म्हणाली. "पन ती म्हातारी? ती गानारी? मेली का ती?"

"न्हाय," गोदू म्हणाली. "ती चर्चला जाते."

बाईनं समजल्यासारखी मान हलवली, पदर सारखा केला आणि पोराला खांद्यावर टाकून ती रिक्षाच्या नाक्याकडे निघाली. गोदू पुस्तक हातात धरून दारात उभी राहिली. बाहेरच्या माणसापुढे खूप दिवसांनी तिच्या तोंडून अगदी खरं ते निघालं होतं.